विषय: टेंडरलॉइन, डायब्लो कॅन्यन आणि आपण दिलेली मतं

प्रेषक: मेधा

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा विषय काढते आहे, पण राहवत नाही. काल सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन वस्तीजवळ, सिव्हिक सेंटर स्टेशनच्या जिन्यापाशी एक मुलगा कमरेत पार वाकून उभा होता, डोकं गुडघ्यांपर्यंत आलेलं. फेंटानिल, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी जहाल नशा, घेतलेली माणसं अशीच उभी दिसतात. वय असेल बावीस-तेवीस, माझ्या मुलाएवढं. लोक बाजूने जात होते. मीही गेले, आणि ट्रेनमध्ये बसल्यावर रडू आलं.

एकोणीस वर्षं मी या शहरात फार्मासिस्ट आहे. २०१४ साली कॅलिफोर्नियात मतदानाला आलेल्या प्रपोझिशन ४७ला मी ‘हो’ म्हटलं होतं; त्याने स्वतःपुरती ड्रग बाळगणं हा किरकोळ गुन्हा ठरला. खिशात थोडी ड्रग सापडली म्हणून कुणाच्या कपाळी जन्मभराचा फेलनीचा (गंभीर गुन्ह्याचा) शिक्का नको, हे मला पटलं होतं आणि आजही पटतं. पण त्याबरोबर आणखी काय जाणार आहे, याचा विचार मी केला नव्हता. ड्रग कोर्टात न्यायाधीश विचारायचे, तुरुंग की उपचार? डोक्यावर शिक्षा होती म्हणून माणूस महिनोन् महिने उपचार पत्करायचा. ती भीती गेली आणि अनेक काउंट्यांत ड्रग कोर्टाकडे येणारे रोडावले. पुढच्या काही वर्षांत हेरॉइनची जागा फेंटानिलने घेतली. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोत ओव्हरडोसने सातशेहून जास्त माणसं गेली, त्या वर्षी शहरात कोविडने गेली त्याहून कितीतरी जास्त. २०२३ मध्ये आकडा आठशेच्या वर गेला.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून चालू आहे. माझा मामा तिथे राहून आला. तो काही आपणहून गेला नव्हता. मामी रडली, आजोबा रागावले, शेवटी दोघांनी त्याला रिक्षात बसवून नेलं. तिथे कुणी त्याचा अपमान केला नाही, पण सकाळी उठायचं म्हणजे उठायचं. मामीलाही बोलावून घ्यायचे, तिच्याशीही बोलायचे. इथे मात्र ‘त्याची इच्छा होईल तेव्हा’ म्हणत आपण फुटपाथवर वाट बघत बसतो. फेंटानिलने इच्छा शिल्लकच ठेवलेली नसते, त्याचं काय?

मेधा

---

प्रेषक: निखिल

मेधाताई,

मुक्तांगणबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटलं. पण एक गोष्ट सुटली. जानेवारी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनायटेड नेशन्स प्लाझात टेंडरलॉइन सेंटर उघडलं, रस्त्यावरच्या व्यसनी माणसांना मदत करणारं केंद्र. तिथे ओव्हरडोस झालेल्या तीनशेहून जास्त लोकांना वाचवलं, आत एकही मृत्यू झाला नाही. त्याच डिसेंबरमध्ये ते बंद केलं, आणि २०२३ हे सगळ्यात वाईट वर्ष ठरलं. फक्त त्यामुळेच ठरलं असं मी म्हणत नाही. पण उदारपणाने माणसं मेली, हे म्हणणं अपुरं आहे.

ओरेगॉन राज्याचंही तेच. तिथे मतदानाने आलेल्या २०२०च्या मेझर ११०ने ड्रग बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि १०० डॉलरचा दंड ठेवला. तोही हेल्पलाइनला फोन केला की माफ. उपचारासाठीचे पैसे मात्र पोचायला फार उशीर झाला. २०२४ साली त्यांनी कायदा फिरवला. पोर्तुगालने २००१ मध्ये गुन्हेगारी काढताना व्यसनी माणसाला कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्यांच्या समितीपुढे उभं करायची सोय केली होती. तो भाग अमेरिकेत कुणी आणलाच नाही.

आणि तुम्ही म्हणता तो धाक २०२४च्या प्रपोझिशन ३६ने परत आणलाय, ६८ टक्के मतांनी. त्यात उपचारासाठी वेगळा पैसा नाही. न्यायाधीश ‘उपचार’ म्हणाले, तर मुलगा जाणार कुठे?

निखिल

---

प्रेषक: अविनाशकाका

मेधा, निखिल,

ड्रग्जमधलं मला कळत नाही, विजेतलं कळतं. माझे वडील तारापूरला होते. १९६९पासूनचं केंद्र ते. आमचं लहानपण बोईसरच्या कॉलनीत गेलं, त्यामुळे अणुवीज म्हटल्यावर मला भीती वाटत नाही. हा माझा कल आहे, तो आधीच सांगतो.

तुमच्या दोघांच्या मेलांतल्या धोरणांत मला एकच चूक दिसते: जुनं काढलं, पण त्याची जागा घेणारं आधी उभं केलं नाही. विजेतही तीच झाली. सान ओनोफ्रे हे कॅलिफोर्नियातलं अणुवीज केंद्र २०१२ साली बिघाडामुळे थांबलं, पुढच्या वर्षी कायमचं बंद केलं. त्याची जागा सूर्याने घेतली नाही. आधी गॅसने घेतली आणि धूर वाढला. तरी २०१६ मध्ये डायब्लो कॅन्यन हे दुसरं अणुवीज केंद्रही बंद करायचं ठरलं. सुमारे २२०० मेगावॉट, राज्याच्या विजेचा जवळजवळ अकरावा हिस्सा. पर्यावरणाच्या नावाने बिनधुराची वीज बंद करायची, हे मला तेव्हाही समजलं नाही. ऑगस्ट २०२०च्या उकाड्यात सूर्य मावळला आणि लाखो घरांची वीज पाळीपाळीने गेली. भारनियमन! बायको म्हणाली, ते तर आपण महाराष्ट्रात सोडून आलो होतो. २०२२ साली सरकारने घाईघाईने कायदा करून डायब्लोला २०३०पर्यंत मुदत दिली.

निखिल बॅटऱ्यांचं म्हणेल, आणि ते खरं आहे. २०२४पर्यंत राज्यात दहा हजार मेगावॉटहून जास्त बॅटऱ्या बसल्या, संध्याकाळ आता पुष्कळ सावरली आहे. दर वाढले त्यात वणव्यांपासून तारा वाचवण्याचा खर्चही मोठा आहे, सगळं खापर सौरऊर्जेवर फोडणार नाही. पण युनिटचा दर देशाच्या सरासरीच्या दुपटीजवळ गेलाय. माझ्या छपरावर पॅनेल आहेत, मला झळ कमी. फ्रेस्नोत ४३ अंशांत भाड्याच्या घरात राहणारा शेतमजूर एसी लावायच्या आधी बिल आठवतो. हरित धोरणाची किंमत त्याने भरावी, हे मला मान्य नाही.

अविनाश

---

प्रेषक: मेधा

काका, निखिल,

निखिल, टेंडरलॉइन सेंटरचं मी विसरले नव्हते, सोयीने बाजूला ठेवलं होतं. ती तीनशे माणसं खरी आहेत. पण वाचलेला माणूस संध्याकाळी त्याच दारातून त्याच फुटपाथवर यायचा, समोर विकणारा तसाच उभा. मला दार बंद व्हायला नको होतं. त्या दाराला उपचाराच्या खाटेकडे जाणारा जिना हवा होता, आणि त्यावर चढताना कुणीतरी हात धरायला हवा होता. धाकाचं माझं मत बदललेलं नाही. खाटा आधी, हे तुझं मान्य.

काउंटीच्या सुपरवायझरांना खाटांबद्दल पत्र लिहायचंय. मसुदा निखिलने करावा, म्हणजे माझा राग त्यात उतरणार नाही.

दुसरं, नार्कन, म्हणजे ओव्हरडोसवर उतारा असलेला नाकातला फवारा, आता प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. शनिवारी लेझीमच्या तालमीनंतर मी सरावाचा फवारा घेऊन येते. नाकात कसा मारायचा, श्वास कसा बघायचा, वीस मिनिटांत शिकवते. आपली कॉलेजात जाणारी मुलंही आणा. कोण थांबणार ते शुक्रवारपर्यंत कळवा.

मेधा