कारीगर काढण्याआधी माप लिहून घ्या

भाऊ, तुमच्या कारीगराचा सेव (शेव) बनवण्यात हात उत्तम, पण तो न सांगता गायब होतो, म्हणून त्याला काढायचं म्हणताय. दिवाळीच्या तोंडावर नको. आधी त्याच्याकडून ५-५ किलो बेसन तीनदा मळून घ्या. मोहन (पिठात घालायचं तेल), पाणी, मीठ, लवंग, ओवा दर वेळी काट्यावर तोला आणि लिहा. खरी अडचण त्याच्या 'अंदाजा'त आहे. मोहन कमी पडलं की सेव कडक, जास्त झालं की भुगा. त्याच वेळी दुसरा मुलगा झाऱ्यावर बसवा, रोज निदान एक घाणा त्याचा.

मोठी उचल बंद. पगार आठवड्याला, महिनाभर हजेरी भरली तर भत्ता वेगळा. भरलेल्या दिवसांचे पैसे मात्र अडवू नका, ते अन्यायाचं आहे. इंदूरात रंगपंचमीच्या गेरीला (रंगाच्या मिरवणुकीला) तो कामावर थांबणार नाहीच. ती सुट्टी आधीच ठरवून टाका.