मदत हवी आहे: रिअर व्हील ड्राइव्ह गाडी बर्फात हलत नाही, वाळूची पोती किती टाकू?

ओंकार_क | मंगळवार, सकाळी ७:४८

जरा घाईत आहे, लवकर उत्तर द्या. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना, गिअर मॅन्युअल. काल रात्रीपासून जेमतेम चार इंच बर्फ पडलाय. आज सकाळी ड्राइव्हवेचा चढ चढून रस्त्याला लागायला गेलो तर मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, गाडी पुढे जायचं सोडून डावीकडे सरकली आणि शेजाऱ्यांच्या टपालपेटीपासून वीतभर अंतरावर थांबली. शेजारी म्हणाले, डिकीत वाळूची पोती टाक. किती किलो टाकू आणि नेमकी कुठे ठेवू? टायर नवीन आहेत, तो प्रश्नच नाही. रविवारपर्यंत गाडी चाललीच पाहिजे.

मीनल_मिनेसोटा | ८:०५

कुठली गाडी? कुठलं गाव? टायर कुठले? 'नवीन' हे काही टायरचं नाव नाही. अंगात ताप किती ते न सांगता गोळी कुठली घेऊ असं विचारताय तुम्ही.

जुना_ड्रायव्हर | ८:२२

ओंकार, वाळूच टाक. मी १९९३ साली डेट्रॉइटला आलो तेव्हा माझ्याकडे रिकामा पिकअप होता, मागे वजन शून्य. हार्डवेअरच्या दुकानात लांबट नळीसारख्या ६० पौंडांच्या वाळूच्या पिशव्या मिळतात. दोन पिशव्या मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, शक्यतो अ‍ॅक्सलच्या मागे नको. अकरा हिवाळे असे काढले. अडकलास तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते, हा वरचा फायदा.

समीर_पुणे | ८:४०

मागच्या वर्षी मनालीला गेलो होतो. अटल बोगद्याच्या अलीकडे टॅक्सीवाल्याने दहा मिनिटांत चाकांना लोखंडी चेन चढवल्या आणि गाडी सुळकन निघाली. चेन घ्या, विषय संपला. बाकी आमची जुनी ओम्नीसुद्धा रिअर व्हील ड्राइव्हच होती, पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात लाल चिखलात अशीच फिरायची. दोघांना मागे बसवलं की निघायची.

ओंकार_क | ९:१०

रोचेस्टर, न्यू यॉर्क. ऑगस्टमध्ये ऑस्टिनहून आलो. गाडी टोयोटा जीआर ८६, २०२३ ची, प्रीमियम. टायर ८,००० मैल झालेले, नक्षी भरपूर शिल्लक आहे. मागे टॉर्सनचा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देणारा गिअर) आहे, म्हणून तर आश्चर्य वाटतंय. @समीर, इथे डांबर खरवडून साफ करतात, कोरड्या डांबरावर चेन लावून नाही चालवता येत. आता वाळूचं सांगा कुणीतरी.

मीनल_मिनेसोटा | ९:१६

८६ प्रीमियम? बाहेर जा. टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर इथे लिहा. आणि तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र, म्हणजे हिवाळी टायरची खूण, आहे का ते बघा.

ओंकार_क | ९:३१

बर्फ पुसून वाचलं. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, २१५/४० आर १८. डोंगर वगैरे काही नाही. नखाने दाबून बघितलं, रबर प्लास्टिकच्या बादलीसारखं टणक लागलं. तापमान आत्ता उणे ५ आहे. ऑस्टिनला विकणाऱ्याने 'बारा महिने चालतील' असं सांगितलं होतं.

मीनल_मिनेसोटा | ९:३८

ऑस्टिनचे बारा महिने वेगळे. हे उन्हाळी टायर आहेत. साधारण ७ अंशांखाली त्यांचं रबर कडक होऊ लागतं. नक्षी कितीही खोल असली तरी कडक रबर बर्फाला धरत नाही. उणे ७ च्या खाली हे टायर वापरू नका, चिरा जाऊ शकतात, असं बनवणारेच बजावतात. वाळूचा विचार सोडा आणि गाडी होती तिथेच ठेवा.

जुना_ड्रायव्हर | ९:५०

वजन वाढलं की पकड वाढते, हे शाळेतलं विज्ञान आहे. अकरा हिवाळे काढलेत मी, पुस्तक वाचून सांगत नाही.

मीनल_मिनेसोटा | १०:०२

दादा, तुमच्या पिकअपला उन्हाळी टायर नव्हते. टणक रबरावर ५० किलो ठेवल्याने तो कदाचित चढ चढेल. पण चढून गेल्यावर खाली स्टॉपच्या पाटीपाशी थांबणार कसा? वाढलेलं वजन ब्रेकलाच थांबवावं लागतं. ही पिकअप नाही, डिकी एवढीशी आहे, पिशवी अ‍ॅक्सलच्या मागेच जाणार. वळणावर शेपूट सुटली की तेच वजन तिला आणखी बाहेर ओढेल.

अभय_डेन्व्हर | १०:२०

हिवाळ्यात असली गाडी चालवूच नये. विकून ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, घ्या. माझी सुबारू कशातूनही जाते.

सई_स्टुटगार्ट | १०:३३

अभय, ऑल व्हील ड्राइव्ह गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. मी सात वर्षं रिअर व्हील ड्राइव्ह बीएमडब्ल्यू ब्लॅक फॉरेस्टमध्ये चालवतेय, चार हिवाळी टायरवर. इथे लोक 'ओ ते ओ' म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, आपलं ईस्टर. रस्ता हिवाळी असेल तर असे टायर लावणं २०१० पासून सक्तीचं आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि हिम) लिहिलेलं चालत नाही, ते डोंगराचं चिन्हच लागतं.

नितीन_मॉन्ट्रियल | १०:४१

क्वेबेकमध्येही १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. पोलीस थांबवून बघतात. ऑन्टारियोमध्ये सक्ती नाही, पण विम्यात सवलत मिळते.

शब्दवेल्हाळ | १०:५५

शीर्षकाबद्दल एक नम्र सूचना. आकाशातून पडतं ते हिम, गोठलेल्या पाण्याचा तो बर्फ. आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. ओंकार, चाकाखाली नेमकं काय होतं?

ओंकार_क | ११:०४

वर हिम. चाकं फिरून फिरून ते घासलं गेलं आणि खाली काळसर काचेसारखा थर निघाला. पायाने तपासला, मीच घसरलो.

सई_स्टुटगार्ट | ११:१५

तो चाकांनीच तयार केलाय. फिरणारं चाक हिम वितळवतं, ते परत गोठतं. म्हणून पहिल्या दोन सेकंदांत हललं नाही तर गॅसवरचा पाय काढायचा. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत सुटायचं. अडकलीच तर तेवढ्यापुरतं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून पुढे-मागे झोके द्यायचे, कारण चाक जागच्या जागी फिरलं की ही यंत्रणा इंजिनचा जोर काढून घेते. बाहेर आल्यावर लगेच चालू करायचं. टॉर्सनचं म्हणाल तर एका चाकाला पकड असेल तेव्हा तो जोर तिकडे देतो, दोन्ही चाकं काचेवर असतील तर द्यायला काहीच उरत नाही.

आणि मॅन्युअलवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं: उतारावर झटकन खालचा गिअर टाकून क्लच सोडू नका. इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, ती अडतात आणि गाडी गर्रकन फिरते. शेपूट सुटली तर क्लच दाबायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं आणि हात त्या दिशेने वळवायचे. ब्रेकवर उभं राहायचं नाही.

समीर_पुणे | ११:२०

रोचेस्टरला मराठी मंडळ आहे का? माझा आतेभाऊ तिकडे शिकायला येतोय.

मीनल_मिनेसोटा | ११:२८

समीर, वेगळा धागा काढा ना. ओंकार, रविवारी काय आहे?

ओंकार_क | ११:४६

आई येतेय. नाशिकहून, पहिल्यांदाच, एकटी. तिकीट बफेलोचं स्वस्त मिळालं, रविवारी रात्री १० ला उतरेल. तिला इंग्रजी फारसं येत नाही. मी दारात दिसलो नाही तर घाबरेल.

मीनल_मिनेसोटा | ११:५२

हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! म्हणजे रात्रीचे ७५ मैल थ्रूवे या महामार्गावर, तेही ईरी सरोवरामुळे भरपूर हिम पडणाऱ्या पट्ट्याजवळून, आणि तुम्ही वाळू विचारत बसलात.

जुना_ड्रायव्हर | १२:१०

बफेलो म्हणतोस? मग मी माझा हट्ट सोडतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोजवळ थ्रूवेवर लोक दिवसभराहून जास्त गाडीत अडकले होते. आधी टायर बदल. ब्लँकेट, फावडं, पाणी, खाणं, टॉर्च गाडीत हवंच. अडकलास आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर उतरून आधी सायलेन्सरच्या तोंडाचं हिम काढ, धूर आत शिरला तर जीव जातो. पुलांवर हळू, रस्त्याआधी पूल गोठतो. आईच्या बॅगा किती?

ओंकार_क | १२:१५

२३-२३ किलोच्या दोन. मागची सीट पाडून ठेवीन.

जुना_ड्रायव्हर | १२:१८

बघ, वाळू नाशिकहूनच येतेय.

अभय_डेन्व्हर | १२:३०

त्या दिवशी भाड्याने ऑल व्हील ड्राइव्ह घ्या की सरळ.

नितीन_मॉन्ट्रियल | १२:३६

भाड्याच्या गाडीला बहुतेक ऑल सीझन टायर असतात, घेतलीत तर आधी वाकून बघा. ओंकार, १८ इंची चाकांवरच टायर बदलत बसू नका. बेस मॉडेलला २१५/४५ आर १७ येतात, त्या मापाचा रिमसकट हिवाळी सेट घ्या. टायरच्या बाजूची भिंत उंच मिळते, खड्ड्यात रिम वाचतो, आणि एप्रिलमध्ये घरच्या घरी बदलता येतो. चारही घ्या. फक्त मागे दोन लावलेत तर गाडी सुटेल, पण पुढची चाकं ना वळतील ना थांबतील.

लोखंडे_गंजविरोधी | दुपारी १:०२

रस्त्यावर हिम वितळवायला टाकतात त्या मिठाबद्दल कुणीच बोललं नाही. दर दोन आठवड्यांनी गाडीखालून पाण्याचा फवारा मारून घ्या. ब्रेकच्या नळ्या आतून नाही, बाहेरून गंजतात.

ओंकार_क | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

चारही बसवले, १७ इंची. दुकानापर्यंत गाडी टोइंगने नेली, चालवली नाही. मंगळवारी जिथे अडकलो होतो त्याच चढावर दुसऱ्या गिअरमध्ये निघालो, चाक एकदाही जागच्या जागी फिरलं नाही. नंतर रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी १५ मैलांवर मुद्दाम शेपूट सोडून पाहिली. पहिल्या दोनदा पाय आपोआप ब्रेकवरच गेला. आठव्या-नवव्या वेळी क्लच दाबला गेला.

सई_स्टुटगार्ट | ६:४१

छान केलंत. शनिवारी परत जा, अंधारात.

ओंकार_क | सोमवार, पहाटे १:५५

पोचलो. विमान ४० मिनिटं उशिरा आलं. निघण्याआधी थ्रूवे बंद नाही ना ते दोनदा तपासलं. वाटेतल्या बटाव्हिया गावाच्या आसपास समोरून हिम असं येत होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेच तेवढे दिसत होते. ताशी ३५ ने आलो. एक्झिटच्या वळणावर मागून किंचित सरकली, क्लच दाबला, हात आपोआप वळले, गाडी सरळ झाली. आई जागीच होती, तिला कळलं नाही. ती खिडकीला कपाळ लावून हिम बघत होती.

मीनलताई, सई, जुने काका, नितीन, मनापासून आभार. आता एकच: गुरुवारपासून डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागलाय. काय करू?

नितीन_मॉन्ट्रियल | सकाळी ७:०३

नव्या रिममध्ये सेन्सर घातलेत का ते दुकानात विचारा. नसतील तर दिवा राहणारच. असतील तर हवा खरंच कमी असेल, पारा साडेपाच अंश उतरला की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जातो. गाडी रात्रभर उभी असताना गेजने मोजा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा आहे.

ओंकार_क | ७:२०

मोजली तर २९ निघाली. स्टिकरवर ३५ आहे. निघालो पंपावर.