महागडे स्पीकर: मीही हसायचो
'लाखाचे स्पीकर म्हणजे निव्वळ पैशाचा माज' हे तुमचं मत गेल्या रविवारपर्यंत माझंही होतं. मग धरमपेठेत मित्राच्या मामांकडे क्वाड या ब्रिटिश कंपनीचे जुने इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विजेच्या ओढीने फिल्म थरथरवून वाजणारे, स्पीकर ऐकले. १९५७ साली बाजारात आलेलं डिझाइन. नेहमीच्या स्पीकरमधला थरथरणारा शंकू नाही, खोका नाही, छिद्रांच्या तक्त्यांमध्ये ताणलेली पातळ फिल्म, बस. दिसायला थेट खोलीतला हीटर! पण किशोरीताईंचा आलाप लागला आणि मागचे तानपुरे, जे माझ्याकडे नुसते घरघरतात, त्यांची तार न् तार सुटी झाली. स्वराआधीचा श्वाससुद्धा ऐकू आला. ढोलकी मात्र पोचट. खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजे बेस, तिथे कमीच. आणि हो, मामांनी आधी कूलर बंद केला होता. मे महिन्यात नागपुरात हे कोणाला परवडणार, भाऊ?