टॅकीकार्डिया : जलद की अनियमित?

प्रश्न : आरोग्यविषयक लेखांत 'टॅकीकार्डिया'ला कुठे 'धडधड' म्हणतात, कुठे 'अनियमित ठोके'. दोन्ही एकच का? ईसीजीच्या रिपोर्टवर तर त्याच्या आधी दरवेळी निराळाच शब्द असतो.

– दोन्ही नव्हेत. ग्रीक 'टाकीस' म्हणजे जलद. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला 100च्या वर गेले की टॅकीकार्डिया, बस्स. धडधड ही जाणीव आहे. ती ठोके 80 असतानाही होते. 'द्रुतगती' कसा वाटतो? गाण्यात लय द्रुत झाली म्हणून ताल सुटत नाही.

– द्रुतगती पटला. ईसीजी वाचताना आम्ही डॉक्टरही लय आणि ताल वेगळेच पाहतो, आणि जोडीला क्यूआरएसची, म्हणजे निलयांच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) लहरीची, रुंदी. कागदावरचा लहान चौकोन 0.04 सेकंदाचा. क्यूआरएस तीन चौकोनांच्या आत असेल तर विजेचा संदेश नेहमीच्या वाटेनं निलयांत उतरतोय. अरुंद, नियमित, प्रत्येकाआधी नीट पी (अलिंदांची, म्हणजे वरच्या कप्प्यांची, लहर) : सायनस टॅकीकार्डिया. ताप, रक्तक्षय, भीती, काहीही कारण असेल. एकाएकी सुरू झालेली, 180च्या आसपास, पी जवळपास दिसतच नाही : बहुधा एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया). यातला 'सुप्रा' म्हणजे उगम निलयांच्या वर. रुंद आणि नियमित असेल तर मात्र दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हीटीच (व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, उगम निलयांतच) धरायची. पेशंट उठून बसलाय, गप्पा मारतोय म्हणून व्हीटी नाही, हा तर्क घातक आहे.

– मग 'फ्लटर'ला फडफड आणि 'फिब्रिलेशन'ला थरथर?

– फडफड चालेल. एट्रियल फ्लटरमध्ये अलिंदं मिनिटाला सुमारे 300 वेळा, पण शिस्तीत आकुंचन पावतात; रेषेवर करवतीचे दाते दिसतात. बऱ्याचदा दोनांतला एकच संदेश खाली पोचतो, म्हणून ठोके 150. दर तिथेच अडकून बसला की फ्लटर शोधावा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (एएफ) पी गायब आणि दोन क्यूआरएसमधलं अंतर कशाशीच जुळत नाही. 'अनियमित ठोके' शोभतो तो इथे. थरथर नको, पेशंट हात पुढे करून दाखवतो, 'कुठे थरथरतोय?'

– तंतुकंपन?

– छापायला ठीक. ओपीडीत आता आजीसुद्धा 'मला एएफ आहे' असंच सांगतात.