मदत हवी आहे: नाचणी सत्त्वात मिसळलेल्या मासळी तेलाच्या पावडरीला वास येतोय

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहते. आम्ही बचतगटातल्या सहाजणी नाचणी सत्त्व करतो. मोड आणून, वाळवून, भाजून, दळून, वर गूळ पावडर आणि वेलची. बेळगावात दोन दुकानांत ठेवतो.

आमच्याकडे चोर्ल्यावरून मासळीची गाडी आली तरच मुलांच्या ताटात मासा पडतो. म्हणून सत्त्वातून त्यांच्या पोटात डीएचए (मासळीच्या तेलातलं ओमेगा-३ मेदाम्ल) जावं असं फार मनात आहे. तारलीचं शुद्ध केलेलं तेल आणून आधी सरळ मिसळून बघितलं. चौथ्या दिवशी डबा उघडवेना.

भाची फूड टेक्नॉलॉजीला आहे, तिच्या कॉलेजात छोटा स्प्रे ड्रायर आहे, म्हणजे पातळ मिश्रण गरम हवेत फवारून त्याची पावडर करणारं यंत्र. तिनं समजावलं की शेंगतेलाच्या रेणूत एक-दोन दुहेरी बंध, डीएचएत सहा; हवा तिथंच धरते, म्हणून तेलाच्या थेंबाभोवती कवच हवं. २० ग्रॅम तेल, ४० ग्रॅम गम अरेबिक (बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक), ४० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर), २३० मिली पाणी. दुधासारखं होईतो घुसळलं आणि ड्रायरमध्ये सोडलं, आत जाणारी हवा १७० अंश, बाहेर येणारी ८५. पांढरी, हलकी पावडर झाली. जिभेवर ठेवली तरी मासळी कळत नव्हती. मला तर रडूच आलं.

निम्मी पावडर काचेच्या तपकिरी बाटलीत घट्ट बंद केली, निम्मी सत्त्वात मिसळून स्टीलच्या डब्यात. हे जूनअखेरचं, आणि इथला पाऊस माहीत आहेच. बाराव्या दिवशी डब्यात तळाला गुठळ्या, आणि वास मासळीचा नव्हे, ऑइल पेंटचा. बाटलीतली पावडर मात्र महिन्यानंतरही स्वच्छ.

मग चूक कवचात आहे की आमच्या सत्त्वात? गूळ ओल ओढतो, तेवढ्यानं कवच फुटतं का? घरच्या घरी तपासायला काही आहे का?

—

ताई, बाटलीनंच तुम्हाला उत्तर दिलंय. पावडर बरी आहे, शेजार वाईट. माल्टोडेक्स्ट्रिन ओल धरून मऊ पडतं, कवच चिकट होतं आणि तेल बाहेर झिरपतं. वर लोखंडी काहिलीतल्या गुळात लोह, नाचणीतही लोह, आणि लोह तेल खवट होण्याचा वेग वाढवतं. पेंटचा वास हीच खूण.

गूळ वेगळ्या पुडीत द्या. निम्मं माल्टोडेक्स्ट्रिन काढून सोडियम केसिनेट (दुधातलं प्रथिन) घाला, ते लोहाला धरून ठेवतं. घुसळण्याआधी तेलात टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व, तेल खवट होणं लांबवतं) मिसळा. थेंब एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेले पाहिजेत, मिक्सरनं ते होत नाही, दाबानं थेंब बारीक फोडणारा होमोजिनायझर लागतो. घरी बघायचं तर चिमूटभर पावडर टिपकागदावर हलकी दाबून रात्रभर ठेवा. डाग उठला तर तेल कवचाबाहेर आहे. नक्की आकडा प्रयोगशाळेत कळेल. तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटपणा किती सुरू झालाय त्याचं माप, ५ च्या आत हवी.

आणि ही कवचं गरम पाण्यात विरघळतात. तेव्हा सत्त्व शिजवून, खाली उतरवून, कोमट झाल्यावरच पावडर घाला. म्हणजे तीही वेगळ्या पुडीत. पाकिटावर हिरवा ठिपका चालणार नाही, मासळी आणि दूध दोन्ही ठळक लिहावं लागेल. शाकाहारी गिऱ्हाईक हवं असेल तर शैवालाचं डीएचए तेल मिळतं, कवच त्याच पद्धतीनं. मोठं करायचं ठरलं तर म्हैसूरच्या सीएफटीआरआयला (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) किंवा कोचीच्या सीआयएफटीला (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था) लिहा.

—

दादा, मनापासून आभार. शिजवताना कवच विरघळतं हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दुकानात दिलं असतं तर पहिल्याच उकळीला बायकांनी पातेलं ओतून दिलं असतं. बाटलीतली उरलेली पावडर आज दोन डब्यांत भरली, एकात गूळ घातलेलं सत्त्व, एकात बिनगुळाचं. टिपकागदही ठेवलाय. बाराव्या दिवशी उघडून इथंच लिहिते.