26/11 च्या शिफारशी ‘सगळ्या झाल्या’ म्हणे. मोजल्या कोणी?

दांडियाबाजारी
काल इथेच एकांनी पोस्ट टाकली. सार असं की 26/11 नंतर सरकारने जे करायचं ते केलं, एनआयए ही दहशतवादाचा तपास करणारी केंद्रीय यंत्रणा आली, एनएसजीचे म्हणजे केंद्राच्या कमांडोंचे शहरांत हब (तळ) झाले, किनाऱ्यावर पोलीस ठाणी झाली, आणि आता इतक्या वर्षांनी हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीच्या शिफारशींचं काय झालं म्हणून विचारणारे लोक रिकामटेकडे आहेत, वर अशा याद्या करणं म्हणजे शत्रूला आयती माहिती देणं. खाली पन्नास अंगठे. कमेंटमध्ये उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

आपण बडोद्याचे, मुंबईचं राहू द्या, आपल्या घरचंच बघा. 24 सप्टेंबर 2002, गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरचा अतिरेकी हल्ला. संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि कमांडो आले दिल्लीहून, रात्री. माझा आतेभाऊ तेव्हा गांधीनगरला राहायचा, मंदिरापासून लांब नाही, सगळे दिवे बंद करून आतल्या खोलीत बसले होते, आत्या आम्हाला फोनवर एवढंच विचारायची की टीव्हीवर काय दाखवतायत. ठीक आहे, तेव्हा कोणाला अंदाज नव्हता. पण सहा वर्षांनी मुंबईत रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झालं आणि एनएसजी पुन्हा दिल्लीहूनच! मानेसरचा तळ, तिथून विमानतळ, विमान, मग मुंबईत बसने. आत शिरेपर्यंत सकाळ. हब झाले ते 2009 मध्ये, 166 माणसं गेल्यावर. मधली सहा वर्षं ही गोष्ट कोणाच्या टेबलावर होती? मला तेवढंच विचारायचंय.

निवृत्त_बाबू
पोस्ट माझीच होती, आडून बोलू नका. अक्षरधामनंतर कुठल्या आयोगाने लिहून दिलं होतं की शहरोशहरी हब करा? दाखवा. नसेल तर उदाहरण गैरलागू. आणि प्रधान समिती 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखाली नव्हतीच, ती राज्य सरकारने नेमलेली दोन जणांची समिती, राम प्रधान आणि बालचंद्रन. त्यामुळे सहा महिन्यांत अहवाल आणि एटीआर (काय कार्यवाही केली त्याचा अहवाल) सभागृहापुढे ठेवायचं कायद्याचं बंधनही तिला लागू नाही. आधी नियम वाचा मग धागे काढा.

दांडियाबाजारी
वा. म्हणजे बंधन नव्हतं म्हणून विचारायचं नाही? आणि बंधन असतं तेव्हा तरी काय होतं हो? श्रीकृष्ण आयोग याच कायद्याखाली होता, मुंबईच्या 92-93 च्या दंगलींबरोबर 93 चे स्फोटही त्याच्याकडे दिले होते. 96 मध्ये मधेच गुंडाळला, ओरड झाल्यावर पुन्हा सुरू केला, 98 मध्ये अहवाल, सोबत एटीआर, आणि त्या एटीआरमध्ये सरकारने आयोगालाच खोटं पाडलं. कायद्याप्रमाणे सगळं झालं की!

अलकापुरी_एक्सप्रेस
मी मुंबईत होतो 2008 ते 2014, थोडं सांगतो. शहरभर सीसीटीव्ही ही प्रधान समितीचीच शिफारस. टेंडर निघालं, रद्द झालं, पुन्हा निघालं, असं चालू होतं. मधे 2011 च्या जुलैत झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला स्फोट झाले तेव्हाही सरकारी कॅमेऱ्यांचं जाळं कागदावरच. कंत्राट दिलं 2015 मध्ये, पूर्ण झालं 2016 मध्ये, साडेचार हजारांच्या वर कॅमेरे. आता यादीत टिक करायचं तर ‘झालं’. पण 2009 च्या अहवालातलं काम 2016 ला होतं तेव्हा टिकच्या शेजारी तारीख नको?

माझे मेहुणे 26/11 च्या रात्री लोकलने सीएसटीला येत होते, गाडी मशीदला थांबवून ठेवली आणि कोणीच काही सांगेना, शेवटी रुळावर उतरून चालत गेले उलट्या दिशेला. आजही सीएसटीला उतरायचं म्हटलं की दादरलाच उतरतात, टॅक्सी करतात. तर ‘रिकामटेकडे’ वगैरे जरा जपून.

निवृत्त_बाबू
तुमच्या मेहुण्यांबद्दल आदर आहे पण भावनेवर प्रशासन चालत नाही. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, हे तक्ते मीच भरायचो. दर तिमाहीला वरून पत्रक येतं, रकाने ठरलेले: शिफारस, संबंधित विभाग, केलेली कार्यवाही, शेरा. आम्ही लिहायचो ‘कार्यवाही सुरू आहे’. पुढच्या तिमाहीला तेच. आणि वरचा साहेब बदलला की जुनं पत्रक शोधायला निम्मा आठवडा. बाहेरच्यांना वाटतं तक्ता केला की काम झालं. उलट तक्ता भरण्यातच माणसं अडकतात, काम राहतं बाजूला. आणि किनाऱ्यावर किती बोटी चालू किती बंद हे वेबसाइटवर टाकायचं का? कराचीत बसून वाचतील.

शेवउसळ_जास्त_तर्री
काका तुम्ही स्वतःच सांगताय की चार तिमाही एकच वाक्य लिहायचात आणि कोणी विचारायचं नाही 😂 दांडियाबाजारी दादांचा धागा तुम्हीच जिंकून दिलात

निवृत्त_बाबू
तुमच्या पिढीला हसण्यापलीकडे येतं काय.

मेटल_डिटेक्टर_पीडित
मला एवढंच सांगायचंय की 26/11 नंतर जे खरंच ‘झालं’ ते म्हणजे ती चौकट. एका मोठ्या स्टेशनवर (नाव घेत नाही) दारात मेटल डिटेक्टरची चौकट उभी आहे, प्रत्येक माणसाला पीं करते, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मोबाइलमधून मान वर काढत नाही, आणि चौकटीच्या बाजूला एवढी मोकळी जागा आहे की हातगाडी जाते, मी स्वतः पाहिली जाताना! मागच्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना मात्र अडवलं, गुडघ्यात रॉड आहे त्यांच्या, पंधरा मिनिटं उभं केलं, डॉक्टरचा कागद मागितला. मॉलमध्ये गाडीखाली आरसा फिरवतात तो पण तसाच, डिकी उघडा म्हणतात आणि बघतात दुसरीकडे. हे कुठल्या रकान्यात टाकणार? ‘झालं’मध्येच ना?

कारेलीबागची_आई
तुम्ही सगळे अतिरेकी आणि कमांडो करताय, मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. हरणी तलाव. 18 जानेवारी 2024. शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा दुपटीहून जास्त माणसं बोटीत, सगळ्यांना लाइफ जॅकेट नाहीत. आणि आमच्या बडोद्यात हे पहिल्यांदा झालं का? 1993 ला सुरसागर तलावात बोट उलटली होती, 22 गेले. आमच्या वाड्यात दोन घरं सोडून एका घरी सुतक होतं, मी चौथीत होते. आईने नंतर कधी त्या बाजूने फिरायला नेलं नाही. तीस वर्षांनी त्याच शहरात, तेच पाणी, तीच बोट. तुमच्या अतिरेक्यांनी नाही मारलं या मुलांना.

हरणीनंतर आमच्या मुलीच्या शाळेतून एक कागद आला सहीसाठी, सहलीत काही झालं तर शाळा जबाबदार नाही. ही सुधारणा!

दांडियाबाजारी
ताई, अगदी बरोबर, आणि माझा मुद्दा तोच आहे.

निवृत्त_बाबू
मुद्दा तोच नाही. दहशतवाद वेगळा, कंत्राटदाराची हलगर्जी वेगळी. एकात एक मिसळू नका.

कारेलीबागची_आई
काका, मेलेल्याच्या आईला फरक समजावून सांगा जाऊन.

अलकापुरी_एक्सप्रेस
मिसळायचंच म्हटलं तर मोरबी घ्या, 2022 च्या ऑक्टोबरात झुलता पूल, 135 माणसं. मग राज्यभर पूल तपासा म्हणून आदेश. आणि 9 जुलै 2025 ला आपल्या पाद्र्याजवळ गंभीरा पूल, 1985 चा, सकाळी मधूनच तुटून मही नदीत. तो टँकर किती दिवस कडेला लटकत होता सगळ्यांनी पाहिलं. मी दर शनिवारी त्या पुलावरून बोरसदला जायचो. बाइकवर असताना पूल हलायचा हे सगळ्यांना माहीत होतं, रिक्षावाल्यापासून सगळ्यांना.

शेवउसळ_जास्त_तर्री
आमच्या मामाचा टेम्पो त्याच रस्त्याने. आता वासदवरून फिरून जातो, डिझेल कोण देणार विचारलं तर म्हणतात जवा दो, म्हणजे जाऊ द्या.

मांजलपूर_मोरया
आणि विश्वामित्री नदीच्या पुराबद्दल कोणी बोलत नाही?? 2024 च्या ऑगस्टात आमच्याकडे तळमजला बुडाला, फ्रीज तरंगत होता, सोसायटीच्या आवारात मगर. गाळ काढा, दबाण (अतिक्रमण) हटवा हे मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. टॅक्स मात्र वेळेवर हवा. मागच्या वर्षी मी चार दिवस उशिरा भरला तर व्याज लावलं

निवृत्त_बाबू
आता टॅक्सवर आले. झालं कल्याण. मूळ विषय होता 26/11.

दांडियाबाजारी
मूळ विषय होता हिशेब, आणि तो तुम्हाला नको आहे. बाहेर काय करतात तेही सांगतो. मँचेस्टरला 22 मे 2017 ला संगीताच्या कार्यक्रमाबाहेर स्फोट, 22 मेले. चौकशीचे प्रमुख सर जॉन सॉन्डर्स यांनी अहवाल देऊन हात झटकले नाहीत, शिफारशी केल्यावर संबंधित खात्यांना परत बोलावलं, सुनावणीत, सगळ्यांसमोर, की सांगा काय केलंत. मेलेल्या एका मुलाची आई वर्षानुवर्षं मागे लागली आणि गर्दीच्या जागांच्या सुरक्षेचा कायदा 2025 मध्ये झाला. शत्रूला मदत झाली का?

निवृत्त_बाबू
अर्धंच सांगताय. ती चौकशी संपल्यावर सॉन्डर्स साहेब घरी गेले, पुढे विचारणारं कोण? आठ वर्षं लागली कायद्याला, तुमच्या सीसीटीव्हीपेक्षा एक वर्ष जास्त! आणि न्यूझीलंड? क्राइस्टचर्चला 2019 मध्ये मशिदींत 51 जण मारले, रॉयल कमिशनने 44 शिफारशी केल्या, त्यांच्या सरकारने सगळ्या तत्त्वतः मान्य केल्या, मंत्री नेमला, सगळं तुमच्या मनासारखं. 2024 मध्ये नवीन सरकारने सांगितलं, एकत्रित काम संपलं, आठ शिफारशी आम्ही पुढे नेणार नाही. काय करून घेतलं तुमच्या मोजणीने?

अलकापुरी_एक्सप्रेस
हे करून घेतलं की तुम्हाला ‘आठ’ हा आकडा माहीत आहे. बडोद्यात बसून, न्यूझीलंडचा. प्रधान समितीच्या किती बाकी आहेत, सांगा आता.

निवृत्त_बाबू
तो अहवाल तरी आधी फुटला आणि मग सभागृहात आला, 2009 च्या डिसेंबरात. गोपनीय भाग असतात. सगळं आकड्यात मागायचं नसतं.

शेवउसळ_जास्त_तर्री
म्हणजे माहीत नाही 🙏

कारेलीबागची_आई
गोपनीय बोटी तुमच्याकडे ठेवा. जॅकेट किती होती आणि आता किती आहेत हे गोपनीय आहे का? मला तळ्याचं, पुलाचं, शाळेच्या बसचं पाहिजे.

निवृत्त_बाबू
बोटी, जॅकेट, पूल, यात गोपनीय काही नाही, हे मान्य. लगेच उड्या मारू नका. पोलीस आणि गुप्तवार्ता यांचा तक्ता जाहीर करायला माझा विरोध कायम आहे. बाकीचा करायचा तर नुसतं ‘झालं/नाही झालं’ करू नका, त्याला काडीची किंमत नाही. आदेशाचा क्रमांक, तारीख, पैसे मंजूर झाले ती तारीख आणि खर्च झाले ती तारीख, वेगवेगळी. ‘कार्यवाही सुरू’ असा शेराच ठेवू नका, रकानाच काढून टाका. तो ठेवलात की आमच्यासारखे त्यात सगळं कोंबतात.

दांडियाबाजारी
हे तुम्ही काल लिहिलं असतंत तर धागाच काढला नसता.

निवृत्त_बाबू
काल कोणी विचारलं नाही. आणि आरटीआय टाकणार असाल तर एका अर्जात एकच विषय, नाहीतर ‘संबंधित शाखेकडे वर्ग’ करून सहा महिने फिरवतील. मसुदा आधी मला दाखवा, तुमचं शुद्धलेखन भयंकर आहे.

मेटल_डिटेक्टर_पीडित
त्या चौकटीचं पण टाका ना त्यात