अनुभव धागा: घरी लहान मुलं वाढवताना नेमकं किती, केव्हा, कसं

घरात सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतचं मूल असलं की दिवसभर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो: किती? सल्ला द्यायला सासर, माहेर, शेजार सगळे हजर असतात, पण 'घाल थोडंसं', 'दे अंदाजाने' याच्यापुढे गाडी जात नाही. म्हणून नाशिकच्या आयांना विनंती, वर नावाऐवजी आपला भाग लिहा, स्वतःची कहाणी राहू द्या. माप लिहा, क्रम लिहा, कुठे बिघडतं आणि का बिघडतं ते लिहा. सुरुवात नागलीपासून, म्हणजे नाचणीपासून करू. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची चांगली नागली आपल्याला इतकी जवळ मिळते आणि तरीही तिचं सत्त्व (मोड आणून केलेलं पीठ) डब्यातलं विकत आणलं जातं, याचं वाईट वाटतं.

सिडको

नागलीचं सत्त्व, १ किलोच्या मापाने.

आधी नागली रोळून घ्या, म्हणजे पाण्यात हलवत खडा खाली बसवून दाणे वेगळे काढा. नुसतं धुऊन भागत नाही, बारीक खडा तळाशी राहतोच. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चार-पाच वेळा रोळावं लागतं. मग १० ते १२ तास भिजत ठेवा आणि मध्ये एकदा पाणी बदला. पाणी पूर्ण निथळलं की ओल्या सुती पंच्यात सैल बांधून चाळणीत ठेवा. चाळणीखाली ताट हवं आणि चाळण ताटाला टेकता कामा नये. मोड आंबूस होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: खाली साचलेलं पाणी. दुसरं कारण म्हणजे गच्च आवळलेली पुरचुंडी, तिच्यात आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते बुळबुळीत होतात.

उन्हाळ्यात २४ तासांत मोड येतात. पौषातल्या थंडीत ३६ ते ४८ तास लागतात. पंचा दिवसातून दोनदा पाणी शिंपडून ओला ठेवा. मोड दोन-तीन मिलिमीटरचा झाला की थांबायचं. जास्त वाढू दिला तर मुळ्या एकमेकींत गुंततात आणि वाळवताना गठ्ठे होतात. काळसर किंवा हिरवट बुरशी दिसली तर अख्खा घाणा टाकून द्या, निवडत बसू नका.

पंख्याखाली सुती कापडावर एक दिवस, मग कडक उन्हात तीन-चार तास. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. ओलसर दळला तर पीठ पंधरा दिवसांत जाळी धरतं. शेवटी कढईत मंद आचेवर हलकं भाजा, खमंग वास सुटला की लगेच उतरवा. गिरणीवाल्याला सांगून सकाळचं पहिलं दळण लावून घ्या, नाहीतर आधीचं गव्हाचं किंवा हरभऱ्याचं पीठ त्यात येतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला एकेक पदार्थ वेगळा देऊन पाहत असतो, तेव्हा ही भेसळ नको. दळून आल्यावर वस्त्रगाळ करा. फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत ठेवलं तर दोन महिने छान राहतं.

पेज: २ चहाचे चमचे सत्त्व अर्धा कप गार पाण्यात आधी कालवायचं, मग गॅसवर. गरम पाण्यात टाकलं की गुठळी झालीच म्हणून समजा. मंद आचेवर ७-८ मिनिटं ढवळत राहा, उतरवल्यावर अर्धा चमचा साजूक तूप. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ काही नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही, चाटवायलासुद्धा.

इंदिरानगर

वरच्या ताईंनी 'हलकं भाजा' लिहिलंय, त्याचं कारण सांगते, कारण चूक तिथेच होते. मोड येताना दाण्यात पिष्ट मोडणारं विकर तयार होतं. त्यामुळे मोडाच्या सत्त्वाची पेज तेवढ्याच पिठात पातळ होते. घरातल्या मोठ्यांना वाटतं पेज पाणचट झाली, पोट भरणार नाही. खरं उलट आहे. साध्या पिठाचे दोन चमचे घातले की पेज चिकट होते आणि बाळ तोंड फिरवतं. मोडाच्या पिठाचे तीन चमचेही त्याच वाटीत गिळता येण्याइतके सैल राहतात, म्हणजे तेवढ्याच घासांत जास्त अन्न जातं. लालबुंद भाजलं की हे विकर मरतं आणि मोड काढण्याची अर्धी मेहनत वाया जाते.

बदामाची पूड सत्त्वातच मिसळून ठेवू नका. सुक्या मेव्याचं तेल लवकर खवट होतं आणि सगळं पीठ बिघडतं. पूड वेगळी ठेवा, आठवड्यापुरतीच करा.

गंगापूर रोड

किती खायला द्यायचं याचं ढोबळ माप. ६ महिने पूर्ण झाले की २-३ चमच्यांपासून सुरू करून आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून २-३ वेळा. ९ ते ११ महिने: अर्धी वाटी, ३-४ वेळा. १ ते २ वर्षं: पाऊण ते एक वाटी, ३-४ वेळा आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ. वाटी २५० मि.ली.ची धरा. घरातली आमटीची वाटी बहुधा १५० ची असते, एकदा पाण्याने मोजून बघा. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहतं, हे सगळं त्याच्या जोडीला.

मिक्सरमधून गंधासारखं वाटणं नवव्या महिन्यापर्यंत थांबलंच पाहिजे. बोटांनी कुस्करलेला मऊभात, वरण, उकडलेला बटाटा द्या. चावण्याची सवय त्या काळात लागली नाही तर पुढे घास तोंडात धरून बसण्याची खोड जडते.

नाशिकरोड

दीड-दोन वर्षांच्या मुलाचं जेवण कमी आणि शी कडक होत असेल तर आधी दिवसभराचं दूध मोजा. एक वर्षानंतर गाई-म्हशीचं दूध दिवसाला ४०० ते ५०० मि.ली. पुरे. ते ८०० वर गेलं की पोट दुधानेच भरतं, भाजी-भाकरी जात नाही, लोह कमी पडतं आणि बद्धकोष्ठ होतं. बाटली बंद करून पेल्याने दिलं की प्रमाण आपोआप उतरतं. रात्री ५-६ काळे मनुके भिजवा, सकाळी बिया काढून कुस्करून पाण्यासकट द्या. अख्खे मनुके इतक्या लहान मुलाला नकोत. चहाचा घोट कुणी प्रेमाने पाजत असेल तर थांबवा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

पंचवटी

द्राक्षं! जानेवारी ते एप्रिल प्रत्येक घरात पेटी येते, त्यामुळे हे लिहायलाच हवं. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खं द्राक्ष नाही. उभं चिरायचं आणि चार फाका करायच्या. आडवं कापलं तर चकती गोलच राहते आणि श्वासनलिकेत बुचासारखी बसू शकते. घड तसाच पाण्यात बुडवून उपयोग नाही, आतल्या मण्यांपर्यंत पाणी पोचत नाही. कात्रीने मणी देठासकट सुटे करा, १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा खायचा सोडा घालून १०-१२ मिनिटं ठेवा, मग नळाखाली चोळून धुवा.

तीच काळजी बोरन्हाणाची. बोरं, शेंगदाणे, हरभरे, हलवा, सगळं घशात अडकण्याच्याच आकाराचं, आणि आजूबाजूची पोरं ते वेचायला तुटून पडतात. खाली मोठी चादर अंथरा, ओतून झालं की दोन मिनिटांत बाळ उचला आणि चादरीची चारही टोकं गोळा करून ती बाहेर न्या. शेंगदाणे-हरभऱ्याऐवजी बत्तासे घ्या.

अडकलंच तर वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब, आणि दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. न दिसणारी वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते.

सातपूर

तापाचं औषध. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. डॉक्टर साधारण किलोमागे १५ मि.ग्रॅ. धरतात. १० किलोच्या मुलाला १५० मि.ग्रॅ. आता बाटली हातात घ्या. १२५/५ (म्हणजे ५ मि.ली.त १२५ मि.ग्रॅ.) लिहिलं असेल तर ६ मि.ली., २५०/५ असेल तर ३ मि.ली., थेंबांची बाटली मि.ली.ला १०० मि.ग्रॅ.ची असेल तर फक्त दीड मि.ली. नाव तेच, खोकंही सारखंच दिसतं, औषधाची ताकद मात्र दुप्पट किंवा चौपट. घरात जुनी एक आणि नवी एक अशा दोन बाटल्या कधीच ठेवू नका. मागच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेले मि.ली. त्याच बाटलीवर पट्टी चिकटवून लिहा, तारीख आणि त्या दिवसाचं वजन यासकट. वजन दोन किलोने वाढलं की पट्टी जुनी झाली, नवा डोस विचारून घ्या.

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, सुई नसलेली सिरिंज घ्या. दोन डोसमध्ये ६ तास, २४ तासांत ४ पेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅ. किंवा वर ताप आला तर घरी औषध न देता थेट दवाखाना. ताप चढला म्हणून दुपट्यात गुंडाळणं चूक, उष्णता बाहेर पडत नाही.

म्हसरूळ

जुलाबात ओआरएस. १ लिटरचं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की क्षार जास्त होतात आणि ते धोक्याचं आहे. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. पाकीट नसेल तर १ लिटरला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट म्हणजे सुरीने वरचा ढीग काढलेला. दर पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आत ५० ते १०० मि.ली., त्यापुढे १०० ते २००. वाटी तोंडाला लावली की उलटी होते. चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक. उलटी झालीच तर १० मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. झिंक डॉक्टर देतात ते १४ दिवसांचं असतं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण करायचं. रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा तासांत सू नाही, मूल मलूल पडलंय, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा.

जुने नाशिक

वाड्यात असो की फ्लॅटमध्ये, पाणी भरून ठेवण्याची सवय सगळ्यांनाच आहे. रांगतं मूल बादलीत डोकावलं की डोकं जड असल्यामुळे तोल पुढे जातो आणि वीतभर पाण्यातूनही त्याला उठता येत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण, बादल्या रिकाम्या करून उपड्या, न्हाणीघराला बाहेरून वरची कडी. पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडं करा, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

थंडीत खोली बंद करून शेगडी किंवा धुरी नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. अंघोळ ११ नंतर घाला, तेल आधी खोलीत कोमट करून घ्या, नाका-कानात घालू नका. झोपताना टोपडं काढा.

सिडको (पुन्हा)

लंगोट किती लागतात आणि कसे धुवायचे, असं दोघींनी विचारलंय. नवजात बाळाला दिवसाला १२-१५ लागतात, पावसाळ्यात वाळायला दोन दिवस धरले तर ३५ तरी हवेत. शीचा लंगोट आधी गार पाण्यात, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. पावडर कमी, खळबळणं तीनदा. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव घालू नका, धाग्यावर थर बसतो आणि लंगोट पाणी शोषतच नाही. दमट वास राहिला तर इस्त्री फिरवा. जांघेच्या घडीत लाल चट्टा आणि कडेला बारीक लाल पुटकुळ्या असतील तर ती बुरशी आहे, खोबरेल लावून वाट पाहू नका, दाखवून घ्या.

आणि नागलीला थंडीत मोड येत नसतील तर पुरचुंडी गरम पाण्याच्या पिशवीवर नाही, तांदळाच्या डब्यात किंवा न तापवलेल्या, फक्त आतला बल्ब लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. पिशवीवर खालचे दाणे शिजतात.